कडी काढायची नाही

भोक पाडणं काही फार अवघड नाही, असं थोरली म्हणायची. सुई धारदार हवी, हात स्थिर हवा आणि समोरच्याने मान हलवता कामा नये. मग डोळ्याचं पातं लवायच्या आत सुई आरपार जाते. अवघड असतं ते त्यानंतरचं. गिऱ्हाईक आरशात स्वतःला बघून खूश होतं, घरी जातं आणि तिथे स्वतःचं डोकं चालवायला लागतं. कुणी टोचलेल्या कानावर अत्तर शिंपडतं, कुणी टूथपेस्ट फासतं, कुणी मैत्रिणीची कडी दोन दिवस घालून बघतं. एक पैलवानासारखा गडी भुवई टोचून गेला आणि बायको म्हणाली म्हणून रोज त्या भुवईवर आफ्टरशेव्ह चोळत बसला. डोळा पार मिटल्यावर आला, तेव्हा थोरलीने त्याला सगळ्यांसमोर असं काही झापलं की रांगेतल्या मुलींना हसू आवरेना. गडी मात्र मुकाट ऐकत राहिला.

तिची खोली केशकर्तनालयाच्या वरच्या मजल्यावर होती. मागे कलणारी खुर्ची, मानेवर झुकलेला दिवा, अवजारं उकळायचं वाफेचं यंत्र आणि भिंतीवर भला मोठा आरसा. फोनचा आवाज कायम बंद. ऐन सुई आत असताना फोन वाजला आणि गिऱ्हाईक दचकलं, तर भोक वाकडं जातं, हे ती एकदा शिकली होती.

काम झालं की ती पाठ म्हणायची. पाठच तो, कारण इतक्या वर्षांत त्यातला शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. कागद ती देत नसे. कागद माणूस पिशवीत टाकून विसरतो, झापलेलं विसरत नाही, असा तिचा हिशेब.

"नीट ऐका. हात धुतल्याशिवाय लावायचा नाही. कडी गोल गोल फिरवायची नाही, ते रेडिओचं बटण नव्हे. मिठाचं पाणी सकाळ-संध्याकाळ, बाकी काही फासायचं नाही. पांढरट पाणी येईल, खपली धरेल, ते येणारच, घाबरायचं नाही. बाजूला पुळी आली तर फोडायची नाही. त्या कुशीवर झोपणं बंद करायचं. आणि लाल झालं, गरम लागलं, ठणकायला लागलं, तर कडी काढायची नाही. काढली की भोक वरून मिटतं आणि पू आत कोंडतो. कडी तशीच ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. कानाच्या वरच्या कमानीत मांस नसतं, नुसती कूर्चा असते. ती एकदा मेली की परत येत नाही. कळलं?"

"कळलं," गिऱ्हाईक म्हणायचं.

"काय कळलं ते सांगा," थोरली म्हणायची. नीट सांगता आलं नाही, तर पाठ पुन्हा पहिल्यापासून.

लोक तिला घाबरत आणि तरीही तिच्याकडेच येत. तिच्या हातचं भोक बिघडत नाही असा तिचा लौकिक होता आणि त्या लौकिकावर ती जिवापाड प्रेम करायची, कारण प्रेम करावं असं तिच्यापाशी दुसरं फारसं काही नव्हतं. नवरा केव्हाच वेगळा झाला होता. एक लेक होती, ती शिकायला दुसऱ्या शहरात, वसतिगृहात. आणि एक बहीण होती, धाकटी.

थोरलीचे स्वतःचे कान कुणा गिऱ्हाइकाने पाहिलेले नव्हते. बारा महिने ती केस असे बांधायची की कान झाकलेच राहावेत. लहानपणी आईने घरच्या घरी, शिवणाच्या सुईने ते टोचले. आईला ते जमलं नाही. दोन्ही पाळ्या पिकल्या, बऱ्या झाल्या आणि बऱ्या झाल्या त्या जागी कडक, चकचकीत गाठी आल्या. कापल्या तर आणखी मोठ्या झाल्या. पुढे धाकटीचे कान टोचायची वेळ आली, तोवर आई शहाणी झाली होती. तिने धाकटीला जाणत्या माणसाकडे नेलं. थोरलीच्या कानांवर आई शिकली आणि धाकटीच्या कानांत दागिना बसला.

धाकटीचे कान म्हणजे बघत राहावेत असे. आईच म्हणायची, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर म्हणायची, "हिचे कान बघा, जणू कुणी मन लावून घडवलेत." मग तिची नजर थोरलीवर जायची आणि ती विषय बदलायची. त्या विषय बदलण्याचं थोरलीला जेवढं लागलं, तेवढं दुसऱ्या कशाचं लागलं नाही. धाकटी विषयही बदलत नसे. ती गाठी चिमटीत धरून दाबायची आणि खिदळायची, "बटणताई, बटणताई, दार उघड!" घरात तेच नाव पडलं. मोठं झाल्यावर सगळे ते विसरले. थोरली विसरली नाही.

धाकटीने त्या कानांवर पोट भरलं. रस्त्यापलीकडच्या सराफाच्या दुकानासाठी तिच्या कानांचे फोटो काढत: डूल, झुमके, कुड्या, सगळं तिच्या कानांत. चेहरा कधीच नाही, फक्त कान. दुकानाच्या काचेत तिचा कान माणसाएवढा मोठा करून लावलेला होता. थोरलीच्या खिडकीतून तो दिसायचा. सकाळी ती पडदा सारायची, तेव्हा पहिलं दर्शन त्याचं. उन्हासाठी म्हणून तिने जाडसर पडदा लावून घेतला, पण त्या बाजूला ऊन येत नव्हतं.

आणि एक दिवस सराफ धाकटीला घेऊन जिना चढून वर आला. त्याला नव्या दागिन्यांसाठी कानाच्या वरच्या कमानीत भोक हवं होतं. "एकदा हे भोक बरं झालं की वर्षभराचं काम आहे," तो म्हणाला. धाकटी खुर्चीत आडवी झाली. दिवा जवळ ओढताना थोरलीच्या केसांची पिन सुटली आणि एक बट मागे पडली. सराफाने पाहिलं. धंदाच त्याचा कान बघण्याचा.

"अरे बाप रे," तो म्हणाला. "तुम्ही दोघी सख्ख्या बहिणी वाटत नाही हो!"

यात विशेष काही नव्हतं. माणूस बोलून गेला. पण धाकटी हसली. डोळे मिटून पडल्या पडल्या ती हसली आणि म्हणाली, "आमची बटणताई आहे ती."

थोरलीने केस बांधले, हात पुन्हा धुतले, नवे हातमोजे घातले आणि भोक पाडलं. सरळ, स्वच्छ, आयुष्यातलं सर्वांत सुरेख भोक. सूज येणार म्हणून थोडी मोकळी कडीही घातली. त्या वेळी तिच्या मनात काही पाप नव्हतं, हे सांगितलं पाहिजे; पाप मागाहून आलं. ती पाठ म्हणायला लागली, तर धाकटीने हात हलवला.

"माझ्यापुढे नको गं ते पुराण. काही झालं तर तुला फोन करीन. तू आहेस ना?"

"आहे," थोरली म्हणाली.

फोन आला तो पुढच्या आठवड्यात, दुपारी. खोलीत कुणी नव्हतं. थोरली ट्रे पुसत होती.

"ताई, कान जाम दुखतोय गं. लाल झालाय, हात लावला तर भाजतो. घाणेरडं पिवळं काहीतरी येतंय. काय करू? डॉक्टरकडे जाऊ का?"

"कशाने झालं?"

"सराफाने परवा कडीत एक झुमका अडकवून बघितला. नुसता बघितला गं, पाचच मिनिटं."

इथे थोरलीने तिला झापायला हवं होतं. परक्या गिऱ्हाइकाला तिने फाडून खाल्लं असतं आणि तिथल्या तिथे डॉक्टरकडे पिटाळलं असतं. पण तिला राग आलाच नाही. उलट आत कुठेतरी गार, शांत वाटलं, खूप वर्षांनी वाटलं तसं. पडदा जरासा सरकलेला होता. पलीकडे काचेत तो कान चमकत होता.

"डॉक्टर कशाला? उगाच चिरत बसतील," ती म्हणाली. "कडी काढून टाक."

"काढू?"

"काढून टाक आणि मग हात लावू नकोस. दोन-चार दिवसांत आपोआप बसेल. दुखेल, पण बसेल."

"देवासारखी आहेस बघ तू," धाकटी म्हणाली.

थोरलीने फोन ठेवला आणि ट्रे पुन्हा पुसला. त्या दोन-चार दिवसांत तिला किती वेळा वाटलं की फोन करावा, हे तिलाच ठाऊक. वाटायचं, हात फोनकडे जायचा आणि मग ती स्वतःशी म्हणायची, आता गिऱ्हाईक येईल, मग करू. गिऱ्हाईक जायचं आणि ती पडद्याच्या फटीतून पलीकडे बघत राहायची.

भोक वरून मिटलं. पू आत कोंडला. धाकटी तापाने फणफणली, तेव्हा शेजारणीने तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कान चिरला, साफ केला, आतली मेलेली कूर्चा काढली. ताप उतरला, जीव वाचला. कान मात्र आधार गेलेल्या तंबूसारखा वरून खाली बसला, चुरगळला, आक्रसला. सराफ फुलं घेऊन भेटायला आला, फार हळहळला आणि महिनाअखेर काचेत दुसऱ्याच कुणाचा तरी कान लागला.

थोरलीने पट्टी निघालेला कान पहिल्यांदा पाहिला, तेव्हा तिला ओकारी आली. पश्चात्ताप झाला का? झाला. आणि समाधान झालं का? तेही झालं, आणि दोन्ही एकाच वेळी झालं, म्हणून तर ओकारी आली.

धाकटी रडली नाही. केस मोकळे सोडून तिने कान झाकला आणि म्हणाली, "आता तुझ्यासारखीच मी. मला तुझ्याकडे ठेवून घेतेस? फोन घेईन, ट्रे लावीन, खुर्ची पुसीन. घरी बसून वेड लागेल."

नाही म्हणायला तोंड कुठे होतं? थोरलीने तिला ठेवून घेतलं.

धाकटी कामाला चलाख निघाली. गिऱ्हाइकांशी गोड बोलायची, रडणाऱ्या मुलींचा हात धरायची. थोरली झापायची आणि धाकटी पाणी द्यायची. अशी जोडी जमली की लोक आणखी यायला लागले. फक्त एक झालं. थोरलीच्या पाठातलं एक वाक्य गळालं. "त्या कुशीवर झोपणं बंद करायचं" इथपर्यंत पाठ घोड्यासारखा दौडत यायचा आणि तिथे खुर्चीमागे उभ्या असलेल्या धाकटीची जाणीव होऊन अडखळायचा.

"आणि पिकलं तर?" एखादं चौकस गिऱ्हाईक विचारायचं.

"पिकलं तर फोन करायचा," थोरली म्हणायची.

एकदा एक जुनं गिऱ्हाईक, दोन्ही कानांत ओळीने कड्या मिरवणारी शिंपीण, हसत म्हणाली, "अहो, मागे तर तुम्ही बजावलं होतं, कडी काढायची नाही म्हणून! मी अजून सगळ्यांना तेच सांगते."  थोरलीने हळूच मागे पाहिलं. धाकटी कापसाचे बोळे वळत होती. तिने ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. बोळे मात्र ती एकसारखे, छान गोल वळत होती.

आणि त्यानंतर ते फोन सुरू झाले.

फोन धाकटीच घ्यायची. थोरलीच्या हातात मोजे, हात स्वच्छ. ती फोनला शिवायची नाही. एरवी धाकटी फोन घेऊन जिन्यात जायची. पण आता अधूनमधून, थोरली नेमकी सुई हातात घेऊन वाकलेली असताना, ती खिडकीपाशी उभी राहून बोलायला लागली.

"हॅलो, हो, बोला. लाल झालाय? ठणकतोय? अगंबाई. नाही नाही, डॉक्टर कशाला? कडी काढून टाका. हो, काढून टाका आणि हात लावू नका. आपोआप बसेल. आमच्या ताईंचाच सल्ला आहे हा, मलाही त्यांनी हेच सांगितलं होतं."

पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा थोरलीची सुई हातातच थिजली.  काय म्हणणार? नको म्हणावं, तर धाकटी विचारणार, मग मला का सांगितलंस? खुर्चीतला माणूस म्हणाला, "झालं का?" ती म्हणाली, "होतंय."

संध्याकाळी धाकटी घरी गेली. फोन टेबलावर पडलेला होता. कॉल कुणाचा आला, नंबर कोणता, सगळं त्यात होतं. उचलायचा, बघायचं आणि त्या माणसाला फोन लावून सांगायचं, थांबा, काढू नका, डॉक्टरकडे जा. काम एवढंच होतं. थोरली फोनकडे बघत बसली. नंबर दिसला, तर फोन करावा लागेल. उद्या तो माणूस इथे येऊन धाकटीसमोरच म्हणेल, तुम्ही आधी काढा म्हणालात आणि मग नको म्हणालात, असं कसं? तिने फोन पालथा घालून ठेवला. काढली नसेल त्याने, ती स्वतःला म्हणाली. लोक कुठे ऐकतात आपलं.

असे फोन येत राहिले. एकदा नाकाचा, एकदा बेंबीचा, तीन-चारदा कानाच्या वरच्या कमानीचा. धाकटी तेच सांगायची, त्याच मऊ आवाजात. थोरली सुईकडे बघत राहायची. रस्त्याने जाताना ती आता लोकांचे कान बघायची. एखाद्या मुलीने केस पुढे ओढलेले दिसले की ती वळून वळून बघायची. तक्रार घेऊन कुणी आलं नाही. आली नाहीत म्हणजे बरी झाली असतील, ती म्हणायची. किंवा तोंड दाखवायची लाज वाटत असेल, हेही तिला सुचायचं, पण ते ती लगेच झटकून टाकायची. माणसाला सवय कशाचीही होते. हळूहळू तिला त्या फोनांचीही झाली. नंतर नंतर तर हातही थिजेना.

सुट्टीत लेक आली आणि हट्टाला पेटली. तिला वरच्या कमानीत भोक हवं होतं, मावशीला होतं तिथेच.

"मावशीचं काय झालं, बघितलंस ना?" थोरली म्हणाली.

"मावशीने झुमका अडकवून घेतला. मी काय वेडी आहे? आणि तू आहेस ना!"

धाकटी कौतुकाने भाचीकडे बघत होती. "दे गं पाडून. एवढी सगळ्या जगाला देतेस, लेकीलाच नाही?"

थोरलीने पाडून दिलं. त्या रात्री धाकटी गेल्यावर तिने लेकीला सगळा पाठ म्हणून दाखवला, गळालेल्या वाक्यासकट, आणि वर म्हणाली, "हे मावशीपुढे बोलायचं नाही. तिला वाईट वाटतं." लेक अर्धं ऐकत होती, मोबाईलवर बोटं चालवत. दोन दिवसांनी ती वसतिगृहात परत गेली.

मग तो दिवस आला. खुर्चीत एक चष्मेवाली बसली होती, कुठल्याशा कचेरीत काम करणारी, घाबरट आणि फार प्रश्न विचारणारी. तिलाही वरच्या कमानीतच हवं होतं. थोरलीने खूण केली, दिवा ओढला, म्हणाली, "श्वास घ्या. सोडा." सुई आरपार गेली. आता सुईच्या मागोमाग कडी सरकवायची. नाजूक काम, हात सोडता येत नाही.

खिडकीपाशी धाकटीने फोन कानाला लावला.

"हॅलो? अगं बाळा, तू होय! बोल ना. आई कामात आहे. काय झालं?"

थोरलीने मान वर केली नाही, पण कान टवकारले.

"अगंबाई! कधीपासून? ताप पण आहे? पिवळं येतंय? रडू नको, रडू नको. मावशी सांगते ना. डॉक्टर-बिक्टर काही नको. तू ती कडी काढून टाक."

"नाही!" थोरली किंचाळली. चष्मेवाली दचकली, सुई कानात होती, नशीब थोरलीच्या बोटांनी ती आपसूक धरून ठेवली. "नाही! सांग तिला, काढू नकोस म्हणावं! काढली की भोक मिटेल, पू आत कोंडेल! कडी तशीच ठेव, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा म्हणावं! कान जाईल तिचा! दे, माझ्या कानाला लाव तो फोन, लाव आधी!"

धाकटी आली. तिने घाई केली नाही. फोन थोरलीच्या कानाला लावला, केसांवरूनच, जिथे खाली ती गाठ होती तिथे.

"हॅलो? हॅलो, बाळा? ऐकतेस ना?"

पलीकडून काही ऐकू येत नव्हतं. श्वासही नाही. धाकटीने फोन तिच्या डोळ्यांसमोर धरला. स्क्रीन काळी होती.

"कुणी नाही," धाकटी म्हणाली. "लेक बरी आहे तुझी. सकाळीच बोलले मी तिच्याशी, मजेत आहे."

थोरलीला अर्थ लागायला वेळ लागला. हातात सुई, बोटांखाली त्या बाईचा गरम कान.

"ते बाकीचे..."

"तेही कुणी नव्हते. खरे फोन मी जिन्यात घ्यायचे. त्यांना नीट सांगायचे, कडी काढू नका, डॉक्टरकडे जा. एकाचाही कान गेला नाही, घाबरू नकोस." ती तशाच मऊ आवाजात बोलत होती, गिऱ्हाइकांशी बोलायची त्याच. "दवाखान्यात डॉक्टरने पहिला प्रश्न हाच विचारला, कडी काढायला कुणी सांगितलं? मी म्हटलं, माझी मीच काढली. म्हटलं, ताई चुकली असेल. माणूस चुकतो. मग ती शिंपीण येऊन बोलून गेली. तरी म्हटलं, केलेल्या चुकीची लाज वाटत असेल तिला, म्हणून बोलत नसेल. परक्या पोरीचा कान जाताना बघून तरी बोलेल. त्यासाठी ते फोन. पहिला, दुसरा, तिसरा. मी रोज वाट बघायचे गं. एकदा जरी संध्याकाळी हा फोन उघडून बघितला असतास, तरी तुला कळलं असतं की त्यात त्या वेळचा कॉलच नाही."

थोरलीने टेबलाकडे पाहिलं, जिथे तिने तो फोन पालथा घालून ठेवला होता.

"मग म्हटलं, स्वतःच्या पोरीसाठी तरी तोंड उघडतं का बघू. उघडलं," धाकटी म्हणाली. "म्हणजे येत होतं तुला सगळं."

"ताई," चष्मेवाली रडवेल्या आवाजात म्हणाली, "सुई अजून कानात आहे हो."

धाकटीने ट्रे पुढे केला. कडी त्यात तयार होती. थोरलीने ती सरकवली, सुई ओढून घेतली, कडीच्या तोंडाशी गोळी बसवली. भोक सरळ आलं. तेवढं तिच्या हातांना मनाशिवायही जमत होतं.

"ताई, लेकीला काही सांगणार नाही मी," धाकटी मागून म्हणाली. "कुणालाच नाही. आणि काम पण सोडणार नाही. कुठे जाऊ? हा कान घेऊन कोण ठेवील मला?"

चष्मेवाली आरशात स्वतःचा कान बघत होती. बघून झाल्यावर तिने भीत भीत विचारलं, "आणि... पिकलं तर काय करायचं?"

थोरलीने तोंड उघडलं. पिकलं तर फोन करा, असं म्हणायची सवय झालेली होती. धाकटी खुर्चीला वळसा घालून समोर आली आणि तिच्या नजरेला नजर देऊन उभी राहिली.

"सांग की," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग."

थोरली सांगायला लागली. हात धुतल्याशिवाय लावायचा नाही. कडी फिरवायची नाही. मिठाचं पाणी. खपली. पुळी. त्या कुशीवर झोपायचं नाही. तिथे ती थांबली. धाकटी वाट बघत उभी राहिली, चष्मेवालीही.

"आणि लाल झालं, ठणकायला लागलं, तर कडी काढायची नाही," थोरली म्हणाली. "काढली की भोक मिटतं आणि पू आत कोंडतो. त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. कूर्चा एकदा मेली की परत येत नाही."

"कळलं," चष्मेवाली म्हणाली.

धाकटीने मोकळे केस एका हाताने गोळा केले आणि मागे बांधले. आक्रसलेला, चुरगळलेला कान दिव्याच्या उजेडात आला. चष्मेवालीचा हात तोंडावर गेला.

"बाई गं! हे हो कशाने झालं?"

"ताई सांगेल," धाकटी म्हणाली आणि ट्रे पुसायला लागली. "प्रत्येकाला सांगेल. आता रोज पाठाच्या शेवटी तेच सांगायचंय तिला."